दहापैकी किती, बाई?

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, एक गृहस्थ रोज सकाळी सात वाजता आपल्या फाटकाजवळ उभे राहून स्वतःला मारतात. मारतात म्हणजे जोरात नाही. दोन बोटं जुळवतात आणि आधी भुवईच्या टोकावर, मग डोळ्याच्या कडेला, मग डोळ्याखालच्या हाडावर, नाकाखाली, हनुवटीच्या खाचेत, गळ्याच्या हाडावर, काखेखाली असं करत करत टाळूपर्यंत ठोकत जातात. तोंडानं मोठ्यानं चालू असतं, "मले जरी कूलरच्या मेकॅनिकचा राग आला असला, तरी मी माणूस चांगला आहे आणि मी मले पसंत आहे."

नवा दूधवाला पहिल्या दिवशी हे पाहून दूध न टाकताच परत गेला होता.

हे देवराव ढोमणे. आम्ही सगळे त्यांना ढोमणे भाऊजी म्हणतो. खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीला कोळशाच्या विभागात आणि पुढे कंट्रोल रूममध्ये मीटरचे काटे पाहायला. रिटायर झाल्यावर वाडीच्या अलीकडे, आमच्या लेआउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलं. बायकोचं नाव कुसुमताई. एक मुलगी, ती इंदूरला दिलेली.

हे ठोकण्याचं वेड त्यांना गांधीबागेच्या कापडबाजारात लागलं. कुसुमताईंनी त्यांना पडद्याचं कापड आणायला पाठवलं होतं. ज्या ठोक दुकानात गेले, त्याच्या माळ्यावर शेठजींनी दोन दिवसांचं शिबिर भरवलेलं. शरीरात अदृश्य वाटा असतात, मनाला त्रास झाला की त्या तुंबतात, ठरलेल्या जागांवर बोटांनी ठोकलं की मोकळ्या होतात, असं तिथं शिकवत होते. भाऊजी खाली कापड फाडून घ्यायचं सोडून वर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते माणसाच्या आकृतीवर लाल ठिपके काढलेला एक मोठा तक्ता घेऊन. पडदे आजतागायत आलेले नाहीत. समोरच्या खिडकीला तो तक्ताच लावलाय. ऊन अडतं, एवढं खरं.

"बाई, हे आपल्या लाइनचं काम आहे," ते मला म्हणाले होते. मी शाळेत होते म्हणून मला सगळे बाईच म्हणतात. "प्लान्टमध्ये गेजचा काटा अडकला तं आपण काय करतो? काचेवर टकटक करतो. काटा हलते. माणसाचंही तसंच आहे."

"पण भाऊजी, काचेवर ठोकून काटा हलतो. आतलं प्रेशर नाही ना कमी होत?"

"तुमच्या हाताखाली पोरी कशा शिकल्या असतील, देव जाणे," म्हणाले आणि गेले.

मी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. तरुणपणी मी भलती आगाऊ होते. सासूबाईंनी माझ्या लेकाची मीठ-मोहरीनं नजर काढली की मी त्यांना जंतूंवर व्याख्यान द्यायची. त्या बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या, आणि व्याख्यान संपलं की उरलेल्या मोहरीनं माझीही नजर काढून टाकायच्या. आणि हीच विज्ञाननिष्ठ बाई दरवर्षी दहावीच्या निकालाला एकच जांभळी साडी नेसून जायची, कारण एकदा ती नेसलेली असताना वर्गातली एकही मुलगी नापास झाली नव्हती. पुढे साडी विरली. मी तिचा पदर कापून पर्समध्ये ठेवला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता बहात्तराव्या वर्षी लाज कमी झालीय, म्हणून लिहून टाकते.

तर अशी मी, भाऊजींना मनातल्या मनात हसायची. एक वाक्य मात्र मला टोचायचं. ते "मी मले पसंत आहे." लग्नाच्या वयात मला सात जणांनी पाहून नापसंत केलं होतं. आठव्यांनी पसंत केलं तेव्हा मी आनंदानं इतकी रडले, की त्यांना वाटलं मुलीवर जबरदस्ती चालली आहे. आपली आपण पसंती कळवता येते, त्याला ना पोहे करावे लागतात ना खाली मान घालून बसावं लागतं, हे आमच्या वेळी कुणी बोललंच नव्हतं.

भाऊजींचे नियम पक्के. दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही. "ज्याचं मशीन, त्यानं ठोकायचं." ते समोर उभे राहून स्वतःला ठोकणार, आपण त्यांचं पाहून आपल्याला ठोकायचं. आणि सुरुवातीला आकडा सांगायचा. त्रास दहापैकी किती? एक फेरी झाली की पुन्हा आकडा. काखेत कायम एक लांबट वही असायची. प्लान्टमध्ये दर तासाला रीडिंग लिहायची सवय, ती काही सुटली नव्हती. वेळ, नाव, कारण, आधीचा आकडा, नंतरचा आकडा.

लेआउटमधलं कुणी सुटलं नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, महाग झाला म्हणून भाजीवालीशी भांडणाऱ्या दोघींना त्यांनी गाडीपाशीच ठोकायला लावलं. भाजीवाली पण ठोकायला लागली. तिचा आकडा शून्यावर आला आणि सांबाराचा भाव होता तिथंच राहिला. एकदा अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागली होती. भाऊजी ऑटोतून उतरले आणि हॉर्न वाजवत बसलेल्या एका ट्रकवाल्याच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

"सरदारजी, टेन्शन कितना है? दस में से?"

"ग्यारह, बाबूजी."

"दस के ऊपर मीटर नहीं है."

"तो मीटर बदलो न!"

तरीही त्यानं ठोकलं म्हणे. एक हात भुवईवर आणि एक हॉर्नवर.

माझी पाळी एका सकाळी आली. मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि कॅलेंडरमागून पालीची शेपटी दिसली. मला पालीची भीती वाटते. साधीसुधी नाही. भाऊजी कुसुमताईंचा डबा परत न्यायला आले, तेव्हा मी व्हरांड्यात खुर्चीवर उभी होते.

"दहापैकी किती, बाई?"

"आठ," मी म्हटलं. नऊ होते, पण शेजाऱ्यासमोर थोडी इज्जत ठेवली.

ठोकणं सुरू झालं. खुर्चीवर उभी राहून मी भुवई ठोकतेय, खाली भाऊजी ठोकताहेत. फेरी संपली तशी म्हणाले, "पयल्यांदा कधी भ्याल्या होत्या?"

आणि मी सांगून टाकलं. सव्वीस वर्षांची होते. नवी नोकरी, कडक इस्त्रीची साडी. प्रयोगशाळेत हजेरी घेताना वरून पाल पडली ती थेट हजेरीपटावर. दुसऱ्या क्षणाला मी टेबलावर उभी. चाळीस मुली पाहताहेत. मी तिथूनच खणखणीत आवाजात म्हटलं, "ही प्रतिक्षिप्त क्रिया. लिहून घ्या." मुलींनी लिहून घेतलं. पकडली जाऊ नये म्हणून मी सहामाहीला त्यावर चार मार्कांचा प्रश्नही घातला. एका मुलीनं उदाहरण म्हणून पाल, हजेरीपट आणि टेबल सगळं लिहिलं. तिला चारपैकी चार द्यावे लागले.

भाऊजी पायरीवर बसून हसत राहिले. मग दुसरी फेरी म्हणाले. तेवढ्यात मला दुधाचा वास आला.

"शून्य!" मी ओरडले.

"एकदम?"

"एकदम."

"चला मंग, पाहू," म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी कॅलेंडर काढलं. पाल आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो. मी हसले. इतकं खोटं मी फक्त लग्नाच्या फोटोत हसले होते. भाऊजींनी वहीत लिहिलं, "बाई. पाल. आठ ते शून्य." दूध तोवर शेगडीभर झालं होतं.

नंतर कळलं की सगळा लेआउट हेच करतो. गच्चीवर पापड वाळत घालताना बायकांनी मला युक्ती शिकवली. थेट शून्य म्हणायचं नाही, शंका येते. आठ, पाच, दोन असं पायरी-पायरीनं उतरायचं. म्हणजे दोन फेऱ्यांत सुटका. मी बत्तीस वर्षं मुलींच्या कॉप्या पकडल्या, आणि म्हातारपणी अख्ख्या लेआउटबरोबर बसून कॉपी केली.

कुसुमताई तेवढ्या कधी ठोकायच्या नाहीत. भाऊजींनी वही उघडली की म्हणायच्या, "मले नका सांगू. मी मले आधीपासूनच पसंत आहे." बाकी वेळ त्या त्यांचं बोलणं ऐकत भाजी निवडत बसायच्या, मधूनमधून "हो न" म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात कुसुमताईंच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका, आत सूज आहे, येत्या गुरुवारीच ऑपरेशन करून टाकू. कुसुमताईंनी मान हलवली, घरी आल्या आणि जाहीर केलं की मी जाणार नाही.

"काहून वं?" भाऊजींनी विचारलं.

"तुमच्या ठोकण्यानं सगळ्या लेआउटचं शून्य होऊन राहिलं न? मंग माझंही होईन. मी ठोकतो."

आणि चार वर्षं ज्यांनी एक बोट लावलं नव्हतं, त्या कुसुमताई सकाळ-संध्याकाळ खिडकीतल्या तक्त्यासमोर बसून ठोकायला लागल्या. चेहरा पिवळा पडत चाललेला. भाऊजी विचारायचे, किती? त्या म्हणायच्या, शून्य. सोमवारी शून्य, मंगळवारी शून्य. इंदूरहून मुलीनं फोनवर रडून पाहिलं. तिलाही आईनं शून्यच सांगितलं.

मंगळवारी भरदुपारी भाऊजी माझ्याकडे आले. वही नव्हती. दारातच उभे राहिले.

"बाई, घरी चला. तिले सांगा का तुमचं शून्य झालंच नोतं."

मी गोंधळले. "कशाचं शून्य?"

"पालीचं. तुम्ही खोट्या बोलल्या होत्या."

या वयात वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, चौतीस वर्षं काटेच पाहिले न मी. कोणता काटा आपोआप खाली येते अन् कोणता कोणी बोटानं दाबून ठेवला, हे मले नाही समजत? तुमचंच नाही, सगळ्याईचं माहीत आहे. आठ, पाच, दोन." ते थोडं हसले. "भाजीवालीही त्याच पायऱ्यांनं उतरते."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो तं दुसऱ्या दिवशी तुम्ही दार उघडलं असतं काय?"

मी दार आणखी उघडलं. ते पुढं म्हणाले, "प्लान्टमध्ये दर तासाले फोन येत जाय. 'ढोमणे, किती?' मी आकडा सांगो, मंग दोन गोष्टी इकडच्या, दोन तिकडच्या. रिटायर झालो तं कोणी काही विचारतच नाही. पोरगी रविवारी फोन करते. 'बाबा, ठीक?' म्हणते. ठीक म्हटलं का संपते. तुम्ही लोकं शून्य म्हणायच्या आधी पंधरा मिनिटं बोलत होते न माझ्यासंग. मले तेवढं बस होतं." मग त्यांचा आवाज बदलला. "पण हे कुसुमचं दाबलेलं शून्य मले नाही पाहवत, बाई. तिले वाटते माझं ठोकणं खरंच खडे काढते. माझ्यानं सांगून होत नाही. तुम्ही सांगा."

चार वर्षांची सगळी इज्जत त्या माणसानं माझ्या उंबऱ्यावर काढून ठेवली होती. मी चपला घातल्या.

कुसुमताई खिडकीशी बसल्या होत्या, बोट हनुवटीवर. मी सरळ म्हटलं, "ताई, मी भाऊजींना खोटं सांगितलं होतं. पालीची भीती गेलेली नाही. कालसुद्धा मी अर्धा तास गच्चीवर काढला. आणि लेआउटमधल्या कुणाचंच काही शून्य झालेलं नाही."

भाऊजी जमिनीकडे पाहत उभे होते. कुसुमताई त्यांना म्हणाल्या, "अहो, बाईसाठी चहा करायचा आहे. चहापत्ती संपली. जा न, आणा." चहापत्तीचा भरलेला डबा मला ओट्यावर दिसत होता. भाऊजींनाही दिसत असणार. ते पिशवी घेऊन गेले.

फाटक लागल्याचा आवाज येईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "बाई, मले सगळं माहीत आहे. याईच्या ठोकण्यानं खडे जातेत, असं वाटाले मी येडी आहे काय?"

"मग हे काय चाललंय? दुखत नाही का?"

"नऊ आहे." त्यांनी पोट धरलं. "पण बेशुद्ध करतील न मले. नाही उठली तं?"

"असं मरणाला घाबरून कसं चालेल?"

"मरणाले कोण भेते? मी नाही उठली तं याईचं ऐकणार कोण, सांगा. तुम्ही सगळ्या दोन फेऱ्यांत पळता. मी पाहतो न इथून. हा माणूस सकाळी उठल्यापासून बोलते. मी काही उत्तर देत नाही, भाजी निवडतो, पण बसून राहतो. मी नसली तं हा कोणाच्या फाटकावर जाईन? लोकं दारं लावून घेतील."

मी बोलून गेले, "मी ऐकीन."

"रोज?"

आता इथं 'रोज' म्हणून टाकायला काय जात होतं? पण मी त्या घरच्या माणसाशी एकदा खोटं बोलून चुकले होते. "रोज जमणार नाही, ताई. दिवसाआड."

"दिवसाआड किती वेळ?"

"अर्धा तास."

"पाऊण करा. याईची गाडी गरम व्हायलेच पंधरा मिनिटं लागते."

"पाऊण. आणि रविवारी सुट्टी."

"रविवारी पोरीचा फोन असते, चालते." त्यांनी माझा हात धरून दाबला. हात गरम होता. भाऊजी चहापत्तीचा दुसरा पुडा घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, नऊ आहे. दवाखान्यात फोन लावा. गुरुवारचं पक्कं सांगा."

भाऊजी तसेच फोनकडे गेले. फोन लावताना आकडे दोनदा चुकले तेवढे.

गुरुवारी सकाळी मुलगी यायची होती, पण तिची गाडी लेट होती. म्हणून ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बाकावर भाऊजी आणि मी दोघंच. मी मनाची तयारी करून गेले होते, आता हे सगळ्या वॉर्डाला ठोकायला लावतील. पण भाऊजी हात मांडीवर ठेवून गप्प बसले होते. इतके गप्प मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मग मलाच राहवेना. दिलेला शब्द म्हणा, की कधी नाही ती उत्सुकता म्हणा, मी विचारलं, "भाऊजी, तुमच्या डोक्यात हे ठोकण्याचं इतकं बसलं कसं? शिबिराला तर शंभर लोक येऊन गेले असतील."

ते दाराकडे पाहतच बोलायला लागले.

"सुरवातीले मी कोळशावर होतो न, बाई. ड्यूटी सुटली का तोंड असं काळंभोर होऊन जाय. साबण लावा, काही करा, भुकटी बसूनच राहे. क्वार्टरवर आलो का कुसुम पयले काही बोलत नसे. जेवाले या नाही, काही नाही. पदराचं टोक ओलं करे अन् पुसे. इथं." त्यांनी भुवई दाखवली. "मंग डोळ्याच्या कोपऱ्यात. मंग डोळ्याखाली. नाकाखाली, इथं हनुवटीच्या खड्ड्यात. हळूहळू. तिचं पुसून झालं का दिवसभराचं सगळं उतरून जाय. मंग मले कंट्रोल रूममध्ये घेतलं. तिथं कुठं कोळसा? तोंड साफच राहे. मंग कोण कायले पुसते?" मग म्हणाले, "त्या शेठजीच्या माळ्यावर पयल्यांदा सांगतलं न, का इथं बोट लावा, आता इथं लावा... मले वाटलं, हे तं मले माहीत आहे. मी खालचं कापड विसरूनच गेलो."

"हे कुसुमताईंना सांगितलंत कधी?"

"तिले काय सांगायचं?" ते म्हणाले. "तिले आठवतही नसन."

त्यानंतर ते बोलत राहिले. खापरखेड्याच्या क्वार्टरबद्दल, तिथल्या शेजाऱ्यांबद्दल, कुसुमताई पहिल्यांदा सायकलच्या कॅरिअरवर बसल्या त्याबद्दल. पाऊण तास कधीच उलटून गेला होता. मी घड्याळ पाहिलं नाही.

मग दार उघडलं. नर्सनं औषधाच्या छोट्या बाटलीत भरलेले खडे आणून भाऊजींच्या हातात दिले. ऑपरेशन नीट झालं, पेशंट थोड्या वेळात शुद्धीवर येईल, एकानंच आत या, म्हणाली. भाऊजींनी बाटली माझ्याकडे दिली, धोतरासारखी पँट वर ओढली आणि आत गेले.

दार अर्धवट उघडं राहिलं होतं. कुसुमताई डोळे मिटून पडल्या होत्या, सुई टोचलेला हात चादरीवर. मला वाटलं, आता हे बोलायला सुरुवात करणार. पण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग पलंगाच्या दांडीला धरून हळूहळू वाकले, आपला चेहरा त्यांच्या हाताजवळ नेला आणि तसेच थांबून राहिले.

भूल अजून उतरायची होती. हात हलायला वेळ लागणार होता.

मी दार हळूच ओढून घेतलं.